केस पेपरवर 'हॅबिट्स: नील' लिहिण्याआधी... बडोद्याच्या डॉक्टर मंडळींना खुलं पत्र

नमस्कार डॉक्टर मंडळी,

रावपुऱ्यात, दांडिया बाजारात, अलकापुरीत, मकरपुऱ्याकडे ज्यांचे ज्यांचे दवाखाने नि हॉस्पिटलं आहेत त्या सगळ्यांना हे पत्र, सर्जन असोत, हाडांचे असोत, भूल देणारे असोत नाहीतर आमच्या गल्लीतले डॉक्टरकाका असोत. मी नर्सिंगच्या मुलींना फिजिऑलॉजी शिकवते, त्यामुळे तुमच्या जगाच्या उंबरठ्यावर उभी आहे, आतही नाही आणि बाहेरही नाही. मागणी एकच आहे, पेशंटला अ‍ॅडमिट करताना दारूचं नीट विचारा. शुगर आहे का, बीपी आहे का, कुठल्या गोळीची अ‍ॅलर्जी आहे का हे जसं विचारता तसंच, त्याच आवाजात, तितकाच वेळ घालवून.

तुम्ही म्हणाल विचारतो की. हो, विचारता. ज्युनिअर डॉक्टर फॉर्म भरताना मान खाली घालून म्हणतो 'दारू-बिरू, तंबाखू काही?' आणि मुलगा, बायको, सून असे सगळे उभे असताना पेशंट म्हणतो 'नाही हो' आणि त्या ओळीत 'नील' पडतं. आता गुजरातमध्ये दुसरं काय उत्तर येणार? मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९६० मध्ये गुजरात वेगळं झाल्यावरही इकडे तसाच चालत आला, पिणं हाच गुन्हा, आणि म्हणून इथे माणूस डॉक्टरला खरं सांगताना पोलिसाला सांगितल्यासारखा बिचकतो. बाकी दारूबंदी आहे म्हणून दारूच नाही असं मानणारा बडोदेकर मला अजून भेटायचाय. शनिवार-रविवार दमण, नाहीतर आबू, घरपोच आणून देणारा कोणीतरी असतोच, गरिबाला देशीची पोटली म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी आहे, आणि शेतावरच्या 'छांटोपाणी'बद्दल, म्हणजे दारूच्या बैठकींबद्दल, तर काय बोलायचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गुजरातमधल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांत दारू पिणारे ५.८ टक्के निघाले. दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी पाहणीवालीला या राज्यात किती जण खरं सांगतील ते तुम्हीच ठरवा.

आमच्या मामाचं सांगते. मकरपुऱ्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथ मशीनवर आयुष्य गेलं, रिटायर झाला, बाथरूममध्ये पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, तो मुद्दाच नाहीये, हे कुठेही झालं असतं. मामीला विचारलं तेव्हा ती म्हणाली 'तसं काही नाही हो, कधीतरी सणासुदीला'. खरं म्हणजे संध्याकाळची एक क्वार्टर वर्षानुवर्षं होतीच, आणि रिटायर झाल्यापासून दुपारची पण सुरू झाली होती. क्वार्टर म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्क्यांची धरली तर ६० ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल, दोन झाल्या म्हणजे १२० ग्रॅम, रोज. अ‍ॅडमिट झाल्या क्षणी ते शून्यावर आलं आणि कुणाला पत्ताच नाही. ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे फिट आली, सीटी स्कॅन केला, नॉर्मल, मग सोडियम बघू, मग न्यूरोला दाखवू. तिसऱ्या दिवशी मी बाहेरगावाहून परत येऊन वॉर्डात पोचले तेव्हा मामाचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने बेडला बांधलेले, अंग घामाने भिजलेलं, आणि बांधलेल्या मनगटापुढचा उजवा पंजा हवेत काहीतरी फिरवत होता. हळूहळू, मोजून, थांबून, परत. मग डोळे बारीक करून तो त्या नसलेल्या जॉबकडे बघायचा नि अंगठ्याने त्याची धार तपासायचा. लेथचं हँडल होतं ते. मामी कोपऱ्यात रडत होती की ह्यांना काहीतरी बाहेरचं लागलंय.

जुन्या पुस्तकात याला ऑक्युपेशनल डेलिरियम म्हणतात, शिंपी हवेत सुई ओवतो, ड्रायव्हर गिअर टाकतो. मी हे वर्गात इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेलं, त्यामुळे ऑनकॉल डॉक्टरला गाठून सांगितलं, मामीला बाहेर नेऊन खरा आकडा काढला, मेंदू शांत करणारं लोराझेपाम आणि थायमिन (व्हिटॅमिन बी वन) सुरू झालं आणि मामा वाचला. पण तोपर्यंत त्याला 'म्हातारपणात ऑपरेशननंतर होतं असं' म्हणून हॅलोपेरिडॉल दिलं होतं, जे नुसतं एकटंच दिलं तर फिटचा धोका उलट वाढवतं, आणि नुसतं ग्लुकोजचं सलाइन चालू होतं. यात कोणी नालायक नव्हतं बरं का. फॉर्मवर नील होतं, बस.

आता हे मेंदूत का होतं ते तुम्हाला माहितीय, एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाचं आहे, पण हे पत्र घरचे लोकही वाचणार म्हणून लिहिते. दारू मेंदूत दोन कामं एकदम करते, शांत करणाऱ्या गाबाची ताकद वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटचे एनएमडीए रिसेप्टर दाबते. रोज रोज तसं झालं की मेंदू गप्प बसत नाही, तो स्वतःला फिरवून घेतो, गाबाचा प्रतिसाद कमी करतो आणि एनएमडीए रिसेप्टर वाढवतो. म्हणजे दाराला एका बाजूने दारू ढकलतेय आणि दुसऱ्या बाजूने मेंदू खांदा लावून उभा आहे, दार हलत नाही म्हणून बाहेरून माणूस ठाकठीक दिसतो, चार पेग मारूनही सरळ चालतो आणि लोक कौतुकाने म्हणतात याला चढतच नाही. मग एक दिवस अलीकडची दारू काढून घेतली की पलीकडचा मेंदू सगळ्या जोरानिशी तोंडावर येतो. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम, छातीत धडधड. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण ४८ ते ७२ तासांनी, सगळ्यांना नाही, काहींनाच, पण ज्यांना होतं त्यांना डेलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे थरथर आणि भ्रम एकदम, ज्यात उपचार नसले तर माणूस जातो. तुमच्या सर्जरीच्या वेळापत्रकाशी हे किती अचूक जुळतं बघा, आज अ‍ॅडमिट, उद्या ऑपरेशन, परवा तेरवा 'पेशंट बडबडतोय'.

हे दारू थांबल्यामुळेच होतं हे सुद्धा एकेकाळी वादात होतं. बरेच जण म्हणायचे की हे दारुड्यांच्या कुपोषणाने होतं. १९५५ मध्ये अमेरिकेत लेक्झिंग्टनला हॅरिस इस्बेल आणि सहकाऱ्यांनी, पूर्वी मॉर्फिनचं व्यसन असलेल्या स्वयंसेवकांना आठवडेच्या आठवडे दारू दिली, जेवण नीट, व्हिटॅमिन नीट, आणि मग एकदम बंद केली. ज्यांनी दीड महिन्याच्या वर घेतली होती त्यांच्यात फिटही आल्या आणि भ्रमही झाले. आज असा प्रयोग कोणतीही एथिक्स कमिटी करू देणार नाही आणि देऊही नये, पण उत्तर मिळालं. मला मात्र नेहमी असं वाटतं की तोच प्रयोग आपण बडोद्यात आजही करतोय, फक्त नोंद न ठेवता.

आणि आता स्ट्रेसचं, कारण खरं तर त्यासाठीच मी लिहायला बसले. तुमच्यापैकी पुष्कळ जण मनातून (काही जण तोंडावरही) म्हणतात की मजेसाठी पितात आणि मग भोगतात. सुरुवातीला असेल मजा. पण वर्षं उलटली की मजा बाजूला पडते. मामाला बरं वाटल्यावर मी विचारलं की एवढी का घ्यायचास, तर म्हणाला 'अगं मजा कसली, नाही घेतली की अंगात नुसती तगमग, कोणाशी बोलवत नाही, घेतली की कसंबसं नॉर्मल व्हायचो'. हे वाक्य जॉर्ज कूब यांच्या कुठल्याही पेपरात खपून जाईल. कूब म्हणजे २०१४ मध्ये अमेरिकेच्या दारूविषयीच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेचे संचालक झाले ते. त्यांचं म्हणणं ढोबळ मानाने असं की व्यसन पक्कं होताना दोन गोष्टी घडतात, आनंदाची यंत्रणा थंडावते, आणि अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीच्या केंद्राच्या आजूबाजूची तणावाची यंत्रणा जागी होऊन जागीच राहते, मग माणूस सुख मिळवायला पीत नाही, त्रास थांबवायला पितो. त्या यंत्रणेतला मुख्य खेळाडू सीआरएफ, तोच जो १९८१ मध्ये साल्क इन्स्टिट्यूटच्या वायली व्हेल आणि मंडळींनी मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून वेगळा काढला, ४१ अमिनो आम्लांचा छोटासा पदार्थ. हायपोथॅलॅमसमधला सीआरएफ पिट्युटरीला हाक मारतो आणि शेवटी कॉर्टिसॉल वाढतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण अमिग्डालातला सीआरएफ वेगळाच उद्योग करतो, तिथे तो भीती आणि अस्वस्थता पेटवतो, आणि दारूची सवय झालेल्या उंदरांत दारू काढून घेतली की तिथेच तो वाढलेला सापडतो. त्याचा रिसेप्टर बंद केला की ते उंदीर कमी पितात.

इथे एक प्रामाणिकपणा पाळायला हवा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या मेंदूविज्ञानात आणि माझ्यात फरक काय. उंदरांवर इतकं छान चाललेलं ते औषध माणसांवर चाललं नाही. पेक्सासरफाँट आणि व्हेरुसरफाँट अशी दोन औषधं दारू सोडलेल्या पेशंटवर वापरून बघितली, २०१५-१६ च्या सुमारास निकाल आले, आणि तणावाने किंवा दारूच्या आठवणीने येणारी तलफ काही कमी झाली नाही. म्हणून सगळी थिअरीच खोटी असं कोणी शहाणा म्हणत नाही, पण सीआरएफची एक गोळी दिली आणि दारू सुटली इतकं सोपं प्रकरण नाही एवढं तरी कळलं.

माणसांवरचं जे काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते येल विद्यापीठातल्या रजिता सिन्हा यांच्या गटाचं. त्या पेशंटच्याच आयुष्यातला एखादा ताणाचा प्रसंग त्याच्याकडून लिहून घेतात, त्याची टेप करतात आणि त्यालाच ऐकवतात, मेंदूच्या स्कॅनच्या मशीनमध्ये झोपवून किंवा रक्त तपासत. दारू सोडून काही आठवडे झालेल्या माणसाला स्वतःच्याच भांडणाची गोष्ट ऐकून तलफ येते. आणि २०१३ मध्ये छापलेल्या त्यांच्या गटाच्या अभ्यासात तर असं दिसलं की ताण नसताना, अगदी निवांत प्रसंग ऐकतानासुद्धा काहींच्या मेंदूचा पुढचा आतला भाग शांत होत नव्हता, आणि ज्यांचं असं होतं ते लवकर परत प्यायला लागले. म्हणजे सुट्टीच्या दिवशी झोपाळ्यावर बसलेल्या माणसाचा मेंदूसुद्धा ड्युटीवर असतो.

हे कळल्यावर मग ओपीडीतलं नेहमीचं दृश्य आठवा. पेशंट चुकून खरं बोलला, की 'लाज नाही वाटत? मुलीचं लग्न झालंय तुमच्या', 'असंच प्यायचं असेल तर माझ्याकडे येऊ नका', आणि हे सगळं सुनेसमोर. चांगल्या हेतूने बोलता हे मला मान्य आहे. पण ज्याच्या मेंदूतली तणावाची यंत्रणा आधीच पेटलेली आहे त्याला तुम्ही भर दुपारी अजून ताण दिलात, आणि त्याच्याकडे ताणावरचं एकच औषध आहे, ते घरी कपाटात कपड्यांमागे ठेवलंय. तो सरळ घरी जाऊन तेच घेणार. वर तुमच्याकडे परत कधी खरं बोलणार नाही ते वेगळंच.

(परमिटचा विनोद तर राहूनच गेला. आपल्याकडे चाळिशीच्या पुढे डॉक्टरच्या शिफारशीने दारूचं हेल्थ परमिट मिळतं, आणि अर्जात लोक लिहितात काय, झोप येत नाही, टेन्शन असतं. दारूने डोळा लवकर लागतो खरा पण रात्रीच्या उत्तरार्धात झोपेचे तुकडे होतात आणि रोजची सवय झाली की टेन्शन वाढतं, हे त्या अर्जावर सही करणाऱ्यालाही ठाऊक असतं. असो.)

तर मग विचारायचं कसं. नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर पाठवा, हे पहिलं. 'घेता का?' असं विचारलं की 'नाही' हे उत्तर तयार असतं, त्यापेक्षा 'शेवटची कधी घेतली?' असं सहज विचारा, जेवण शेवटचं कधी झालं विचारता तसं, भूल देणारे तर ते विचारतातच. आधीच सांगून टाका की हे पोलिसांसाठी नाही, भूल आणि औषधं ठरवायला लागतं. मग किती, रोज का, आणि सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, घेतल्यावर थांबतात का. १९८४ मध्ये जॉन युइंग यांनी मांडलेल्या केज नावाच्या चार प्रश्नांतला शेवटचा हाच आहे, सकाळी उठल्या उठल्या लागते का, आणि या एका प्रश्नाला 'हो' आलं तर निम्मं काम झालं. वेळ असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचे ऑडिटचे दहा प्रश्न आहेत, नसेल तर त्यातले पहिले तीनही चालतात. पण आपल्याकडे एक अडचण आहे जी त्या फॉर्मात नाही, पोटलीत किती टक्के आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, तेव्हा पेग मोजत बसू नका, पोटल्या मोजा आणि थरथर बघा. आणि आधी कधी अशी फिट आलेली किंवा बडबड झालेली का हे जरूर विचारा, ज्याला एकदा झालंय त्याला परत होण्याची शक्यता जास्त.

उत्तर 'हो' आलं तर पुढचं तुम्हाला मी काय शिकवणार, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम, लिव्हर बघून, आणि थरथर-घाम-घबराट मोजायला सीवा स्केल सिस्टरकडून दर काही तासांनी. ऑपरेशन पुढे ढकलता येण्यासारखं असेल तर ढकला.

थायमिनचं मात्र बोलणारच. औषधांच्या दुकानात याच्याइतकं स्वस्त आणि याच्याइतकं विसरलं जाणारं इंजेक्शन दुसरं नसेल. रोज पिणारा माणूस जेवत कमी असतो, जे खातो त्यातलं बी वन नीट शोषलं जात नाही, आणि अशा माणसाला नुसतं ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलं थायमिन त्यातच खर्च होतं. थायमिन कमी पडून मेंदूला होणाऱ्या वेर्निके या आजाराची पुस्तकात तीन लक्षणं असतात, गोंधळ, डोळ्यांची हालचाल बिघडणं आणि तोल जाणं, आणि आपण तिन्ही दिसायची वाट बघतो. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियात हार्पर आणि सहकाऱ्यांनी शवविच्छेदनात सापडलेल्या केसेसचे जुने कागद काढून बघितले तर तिन्ही लक्षणं जेमतेम १६ टक्क्यांत नोंदलेली होती. म्हणजे वाट बघणाऱ्याच्या हातातून बाकीचे गेले, आणि वाचले तर कोर्साकॉफ, बायकोचं नाव आठवतं पण सकाळी काय खाल्लं ते नाही. शंका आली की द्या, ग्लुकोजच्या आधी द्या, शिरेतून द्या. गोळीवर भागवू नका.

डिस्चार्जच्या दिवशी 'आता बंद करा हं' एवढं म्हणून सोडू नका, प्लीज. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या देशव्यापी पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांत एकालाच कधी काही उपचार मिळाले होते. दारूपासून दूर राहायला मदत करणारं नॅल्ट्रेक्सोन आहे, अकॅम्प्रोसेट आहे, आपल्याकडे मिळतात, सायकियाट्रिस्टकडे एक चिठ्ठी द्यायची. तुम्ही चिठ्ठी दिली नाहीत तर घरचे भिंतीवरच्या जाहिरातीतली 'पेशंटला न सांगता दारू सोडवा' वाली पावडर आणतात आणि वरणात कालवतात. त्यात डायसल्फिराम, म्हणजे वरून दारू घेतली की त्रास देणारं औषध, असेल आणि हार्टच्या माणसाने वरून पोटली मारली तर तो तुमच्याच कॅज्युअल्टीत येणार.

मेडिक्लेमचं मला माहितीय. दारू लिहिली की क्लेम अडकतो, म्हणून नातेवाईकच हात जोडतात की साहेब लिहू नका, आणि पॉलिसीत तशी अट असतेही. पण २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि ड्रग्जशी जोडलेल्या मानसिक स्थिती धरल्या आहेत, आणि मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यावा असंही त्यात म्हटलंय. विमा कंपन्यांशी हे भांडण तुमच्या असोसिएशनने घेतलं तर ते वजनदार होईल, एकट्या मामीने घेतलं तर तिला टोल फ्री नंबरवर गाणं ऐकत बसावं लागतं. आणि कागदावर काय लिहायचं हा वाद चालू असेल तेवढ्यात निदान वॉर्डातल्या सिस्टरला तोंडी तरी सांगा, रात्री बेडपाशी तीच असते.

आमच्या मुली या वर्षीपासून अ‍ॅडमिशनच्या वेळी हे प्रश्न विचारायची प्रॅक्टिस करतायत, गुजरातीत, हिंदीत, मराठीत, एकमेकींना पेशंट करून. उद्या त्यांच्यातली एखादी रात्री दोन वाजता फोन करेल की सर, पेशंटचे हात थरथरतायत आणि तो चादर वेचतोय, तर 'सकाळी बघू' म्हणू नका.

आपली,
एक नर्सिंग ट्यूटर, बडोदा

ता. क. बायकांनाही विचारा. त्यांना कोणी विचारतच नाही, मराठी घरातल्या साडीतल्या आजींना तर नाहीच नाही. शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळे तितक्याच दारूने त्यांच्या रक्तातली पातळी जास्त चढते, आणि लपवायला त्या आपल्या मामांपेक्षा कितीतरी हुशार असतात.